नेमकी चूक

माझ्या हातून आजवर झालेली सर्वांत मोठी शिकार म्हणजे सकाळच्या लोकलमधली खिडकीजवळची जागा, आणि तीही एकदाच. विठ्ठलवाडीला राहणाऱ्या माणसाला अशी जागा मिळणं ही काय चीज आहे हे दादरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. गाडी बदलापूरला भरते, अंबरनाथला खच्चून भरते, उल्हासनगरला तिच्यात मुंगी शिरत नाही, आणि मग ती विठ्ठलवाडीला येते. आमच्यातली काही मुरलेली मंडळी म्हणून आधी उलट्या दिशेने बदलापूरला जातात आणि तिथून आरामात बसून येतात. शिकारी लोक याला वाऱ्याच्या खालच्या अंगाने जाणं म्हणतात, असं मला अलीकडेच कळलं.

हे ज्ञान माझ्या भाच्याचं. भाचा मूळचा बदलापूरचा, आमच्या ताईचा धाकटा. गेली सात-आठ वर्षं अमेरिकेत विस्कॉन्सिन नावाच्या राज्यात असतो आणि संगणकाचं काहीतरी करतो. काय करतो ते त्याने मला तीनदा समजावून सांगितलं आणि तिन्ही वेळा मी समजल्यासारखी मान हलवली. बँकेत वीस वर्षं काढलेल्या माणसाला ही कला अवगत असतेच.

तर या भाच्याला तिकडे एका शेजाऱ्याच्या संगतीने धनुष्यबाणाचा नाद लागला. साधासुधा नाही, हरणांच्या शिकारीचा. त्या राज्यात धनुष्यबाणाने हरीण मारायचा वेगळा मोसमच ठरवून दिलेला आहे. १९३४ साली त्यांनी तो प्रथम सुरू केला. सप्टेंबरच्या मध्याला तो चालू होतो. परवाना काढायचा, झाडावर पंधरा-वीस फूट उंचीवर एक छोटी बैठक बांधायची, पडू नये म्हणून कमरेला पट्टा आवळायचा आणि पहाटेपासून हरणाची वाट पाहत बसायचं. हरणं तिकडे इतकी उदंड आहेत की रात्री मोटारीला आडवी येतात. त्यामुळे हा प्रकार तिकडे अगदी प्रतिष्ठित मानला जातो, आपल्याकडे ट्रेकला जाण्याइतका.

आमच्या घराण्यात मात्र अंडंसुद्धा वेगळ्या पातेल्यात, गॅलरीत ठेवलेल्या वेगळ्या स्टोव्हवर, आणि चातुर्मास संपल्यावर. त्यामुळे भाच्याने ताईला एवढंच सांगितलं, की मी आर्चरी शिकतोय. ताईला अभिमान वाटला. तिने सोसायटीत सांगितलं, महिला मंडळात सांगितलं, आणि मला फोन करून विचारलं, "अरे, ऑलिंपिकला यांची निवड कोण करतं? आपल्याकडून खेळायचं की तिकडून?" मी म्हटलं, "ताई, अजून वेळ आहे त्याला." हे काही खोटं नव्हतं.

खरी हकिगत तो मला सांगायचा. मामा या नात्याचा जन्मच मुळी आईला न सांगण्याच्या गोष्टी ऐकण्यासाठी झालेला आहे. पहिल्या वर्षी म्हणे तो वारा पाहायला विसरला. वारा याच्या पाठीमागून हरणाच्या दिशेने वाहत होता. हरणाचं नाक असं की त्याला माणूस दिसण्याआधी त्याचा साबण कळतो. महिनाभर एकही हरीण जवळ फिरकलं नाही. दुसऱ्या वर्षी वारा बरोबर होता, हरीण बरोबर होतं, प्रत्यंचा निम्मी ओढलेली होती, आणि खिशातल्या मोबाइलवर गणपतीच्या आरतीची धून वाजू लागली. तिकडची पहाट म्हणजे आपली दिवेलागण. ताईने देवापाशी दिवा लावून नेहमीप्रमाणे लेकाला फोन केला होता. हरीण दोन ढांगांत नाहीसं झालं. आपण एक जीव वाचवला हे ताईला अजून ठाऊक नाही.

तिसऱ्या वर्षी, म्हणजे गेल्या नोव्हेंबरात, त्याने बाण सोडला.

हरीण पंचवीस यार्डांवर होतं, आपल्या लोकलच्या एका डब्याएवढ्या अंतरावर. आता धनुष्याची गंमत अशी की त्याचा बाण सेकंदाला फार तर तीनशे फूट जातो, आणि आवाज जातो अकराशे फूट. म्हणजे दोरी सुटल्याची टणत्कार हरणाच्या कानावर आधी पोचते, बाण मागून येतो. तेवढ्या पाव सेकंदात हरीण दचकतं, अंग चोरतं, वळतं. याचंही वळलं. बाण छातीत लागायचा तो पोटात लागला. असा बाण लागला तर सहा-आठ तास हरणाच्या मागे जायचं नसतं, हा तिकडच्या जाणत्यांचा नियम. ते जवळच कुठेतरी जाऊन बसतं आणि तिथेच संपतं. माणूस मागे लागला की उरलासुरला जीव गोळा करून पळतं. भाच्याला काही धीर धरवला नाही. वीस मिनिटांत तो खाली उतरून मागावर निघाला. हरीण उठलं आणि पळालं. रक्ताचे थेंब एका ओढ्यापर्यंत गेले, पुढे काही दिसेना. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्याने शोधलं. सापडलं नाही.

हे सगळं सांगून झाल्यावर तो जरा थांबला आणि म्हणाला, "पण मामा, एकंदरीत लर्निंग एक्स्पीरियन्स होता."

"कुणाचा?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"म्हणजे?"

"काही नाही रे. रेंज गेली बहुतेक," मी म्हटलं आणि विषय हवापाण्यावर नेला.

पण तो 'कुणाचा' काही माझ्या डोक्यातून जाईना. आपल्याकडे म्हण आहे, पुढच्याला ठेच, मागचा शहाणा. तिच्यात पुढचा आणि मागचा हे निदान एकाच वाटेने चाललेले असतात. इथे ठेच हरणाला आणि शहाणा पारधी, हा कुठला हिशेब? शिकवणीची फी एकाने भरायची आणि पदवी दुसऱ्याने घ्यायची! चुकांमधून माणूस शिकतो हे आपण इतक्या सहज म्हणतो, की जणू चुका म्हणजे नवनीत गाईड आहेत, आणि ज्याच्यावर ती चूक झाली तो बिचारा म्हणजे त्यातला सोडवलेला नमुना प्रश्न.

मग सवयीप्रमाणे मी आपल्या पूर्वजांकडे वळलो. धनुष्यबाण आणि हरीण यांच्या बाबतीत चुका करण्यात आपला देश कुणाला हार जाणारा नाही. पांडुराजाने हरणांच्या जोडीवर बाण सोडला, तर तो नेमका किंदम ऋषी निघाला, हरणाचं रूप घेतलेला. मरता मरता तो ऋषी राजाशी वाद घालतो. हरीण मारलंस याबद्दल माझी तक्रार नाही, पण वेळ कोणती होती ते तरी पाहायचंस, असं त्याचं म्हणणं. पांडू या प्रसंगातून पुष्कळ शिकला. राज्य सोडलं, तप केलं. पण वसंत ऋतू आला, माद्री समोर आली, आणि सगळा अभ्यास वाहून गेला. जरा नावाच्या पारध्याने झाडाखाली टेकलेल्या श्रीकृष्णाचा पाय पाहिला आणि त्याला ते हरीण वाटलं. आणि दशरथाची गोष्ट तर सगळ्यांना पाठ आहे. अंधारात पाण्याचा बुडबुड आवाज झाला, त्याला वाटलं जनावर पाणी पितंय. वाल्मीकींच्या मते त्याला हत्ती वाटला. आमच्या आजीच्या गोष्टीत ते हरीणच होतं. असो. बाण सोडला तो श्रावणबाळाला लागला.

आता इथे मराठी भाषेने मोठी पंचाईत करून ठेवली आहे. आपल्याकडे नेम चुकतो आणि माणूसही चुकतो, क्रियापद एकच. त्यामुळे आपली अशी समजूत होते की नेम चुकला की चूक, आणि लागला की बरोबर. पण दशरथाचा नेम कुठे चुकला होता? न पाहता, नुसत्या आवाजावर, अंधारात त्याने बाण मारला आणि तो जिथे मारला तिथेच लागला. शब्दवेधी विद्येच्या परीक्षेत त्याला शंभरपैकी शंभर. जराही तसाच. हे लोक नेमबाजीत थोडे जरी कच्चे असते, तर रामायण-महाभारताची बरीच पानं वाचली असती.

मी कॉमर्सचा पदवीधर. पुराणापेक्षा मला हिशेबतपासनीसाच्या भाषेत हे लवकर कळतं. पहिल्या वर्षाला आम्हाला चुकांचे प्रकार होते. नोंद करायचीच राहून गेली, ही एक चूक. नोंद केली पण भलत्याच्या खात्यावर, ही दुसरी. मुळात तत्त्वच चुकलं, ही तिसरी. आणि दोन चुकांनी एकमेकींना झाकलं, ही चौथी. यातली दुसरी मोठी गमतीदार. रक्कम बरोबर, बाजू बरोबर, फक्त माणूस भलता. अशा चुकीने तेरीज बिघडत नाही. वर्षअखेरीला दोन्ही बाजू पैशापैशाने जुळतात, साहेब सही करतात, पेढे वाटले जातात, आणि कुठल्या तरी भलत्या माणसाच्या नावावर ते कर्ज तसंच बसून राहतं.

दशरथाच्या आडून किती वेळ बोलणार? गोष्ट माझी आहे.

२००६ साली मी कॅशवर नवा होतो. शाखा लहान, कॅमेरे अजून आलेले नव्हते. एका शुक्रवारी संध्याकाळी माझ्या रोकडीत अडीच हजार रुपये कमी आले. अडीच हजार म्हणजे त्या वेळच्या माझ्या पगाराचा चौथा हिस्सा. कॅश कमी आली की कॅशियरने ती भरून द्यायची, हा आमच्या धंद्याचा वेदकाळापासूनचा नियम. मी पाच वेळा मोजली. नोटा मोजून मोजून वाढतील अशी माणसाला त्या वेळी एक भाबडी आशा असते. नुकतं लग्न ठरलेलं होतं. हॉलवाल्याला आगाऊ रक्कम द्यायची होती. घाम म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

दुपारी जेवताना मी केबिनला कुलूप लावायला विसरलो होतो. ही माझी चूक, आणि ती मला चांगली आठवत होती. पाठमोरा बसून डब्यातली भेंडी खाताना मला मागून ड्रॉवर ओढल्याचा आवाज आला होता, किर्रर्र असा, तेही आठवत होतं. आणि त्या वेळी त्या बाजूला व्हाउचरांचे गठ्ठे बांधायला एक रोजंदारीवरचा शिपाई होता. विशी-बाविशीचा पोरगा. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. एकदा घेतलं तेवढं पुरे आहे. तसं त्याचं नाव आमच्या हजेरीपटावरही नव्हतं. रोजचे पैसे रोज व्हाउचरवर.

साहेबांनी विचारलं, "जेवणाच्या वेळेत तिकडे कोण होतं?"

मी काय बोललो ते मला शब्दाशब्दाने आठवतं. मी त्याचं नाव घेतलं आणि म्हणालो, "ड्रॉवरचा आवाज मात्र मी ऐकला. बाकी मला काही माहीत नाही, साहेब."

पाहा बरं, या वाक्यात एक तरी शब्द खोटा आहे? तो तिकडे होता. आवाज मी ऐकला होता. बाकी मला काही माहीत नव्हतं. मी कुणावर आळ घेतला नाही. साहेबही म्हणाले, "आपण कुणावर आळ घेत नाही." सगळेच सज्जन! आणि सोमवारपासून त्या मुलाला येऊ नको म्हणून सांगण्यात आलं. रोजंदारीवरच्या माणसाला काढून टाकायला ऑर्डर लागत नाही, चौकशी लागत नाही, लागतं फक्त 'उद्यापासून नको'.

मंगळवारी सकाळी शाखा उघडताना दारात एक पेन्शनर आजी उभ्या होत्या. रुमालाच्या गाठीतून त्यांनी पाचशेच्या पाच नोटा काढल्या. "शुक्रवारी तू मला जास्त दिलेस रे बाळा. शनिवारी आले तर अंगात कणकण होती म्हणून परत गेले. नीट मोजत जा." आणि ड्रॉवर? तो शेजारच्या टेबलाचा वाजत होता. रबरी शिक्के ठेवायचा. माझ्याच दोन शिक्क्यांवर शाई सांडली होती, ती पुसून त्याने ते जागेवर ठेवले होते, हे मला दुसऱ्या एकाने सांगितलं.

मी साहेबांकडे गेलो. गेलो हे मी आवर्जून सांगतो, कारण माझ्या बाजूने सांगण्यासारखं तेवढंच आहे. साहेब म्हणाले, "पैसे मिळाले ना? मग आता ते उकरू नका. त्याच्या जागी दुसरा मुलगा लावलाय, त्याला काय सांगायचं?" मी म्हटलं, "बरोबर आहे, साहेब." आणि काउंटरवर येऊन बसलो.

भाच्याच्या हरणाला निदान दोरीचा आवाज आधी ऐकू आला. पाव सेकंद का होईना, त्याला अंग चोरायला मिळालं. माझ्या बाबतीत आवाज हाच बाण होता आणि ज्याला तो लागला तो त्या वेळी चहाचे ग्लास विसळत होता.

या अनुभवातून मी शिकलो का? भरपूर शिकलो. तेव्हापासून मी प्रत्येक रक्कम तीनदा मोजतो. पाणी प्यायला उठलो तरी केबिनला कुलूप. इतक्या वर्षांत माझी रोकड पुन्हा एक रुपयाने कमी आली नाही. चोख माणूस म्हणून माझं नाव आहे. नव्या मुलांना शिकायला माझ्याकडे बसवतात. त्या सगळ्या चोखपणाची फी कुणी भरली ते मी त्यांना सांगत नाही. बँकेत चुकीची नोंद खोडत नाहीत. उलटी नोंद करतात, म्हणजे जेवढं नावे तेवढंच जमा, आणि दोन्ही नोंदी वहीत शेजारी शेजारी राहतात, पुढच्या माणसाला दिसाव्यात म्हणून. ही उलटी नोंद मी तेवढी केली नाही. मी ती रक्कम सस्पेन्स खात्यात टाकून दिली.

आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १९९१ च्या दुरुस्तीने हौसेची शिकार पार संपली. त्यामुळे हरणाच्या बाबतीत चुका करून शिकण्याची सोय आपल्याला उरलेली नाही. आपली मदार सगळी माणसांवर.

महाशिवरात्र जवळ आली तशी ताई शिवलीलामृताचं पारायण घेऊन बसली. श्रीधरस्वामींनी १७१८ साली बारामतीला पुरा केलेला हा ग्रंथ आमच्या घरी तीन पिढ्या वाचला जातो, आणि त्यातला दुसरा अध्याय म्हणजे शिवरात्रीच्या व्याधाची गोष्ट. लहानपणी मला ती झोपेत ऐकूनच पाठ झाली होती. या खेपेला मी ती जागेपणी ऐकली, आणि एकदम ताठ बसलो. कारण हा व्याध काय करतो? वाऱ्या-आवाजाची काळजी घेऊन पाण्याच्या काठी एका झाडावर चढून बसतो. समोरचं नीट दिसावं म्हणून आडवी येणारी पानं तोडून खाली टाकतो. भाचासुद्धा मोसमाच्या आधी करवत घेऊन नेमके हेच करतो! फरक एवढाच की व्याधाचं झाड बेलाचं होतं, खाली शिवलिंग होतं आणि कमरेला पट्टा नव्हता.

रात्री पाण्यावर हरिणी येते. हा बाण लावतो. ती माणसाच्या वाणीने म्हणते, मी गाभण आहे, मला जाऊ दे, मोकळी होऊन परत येते. आणि हा तिला जाऊ देतो! मग दुसरी येते, मग हरीण येतं. प्रत्येकाचं काही ना काही मागे राहिलेलं आहे, प्रत्येक जण शपथ घेतो, आणि प्रत्येकाला हा सोडतो. बँकवाल्याच्या दृष्टीने पाहा. ना जामीन, ना तारण, कर्जदाराचा कायमचा पत्ता 'अरण्य', आणि तोंडी शब्दावर मंजुरी. आमच्या कर्ज विभागात असं कुणी केलं असतं तर त्याची बदली गडचिरोलीला. पण सकाळी सगळी कुटुंबासह हजर होतात. एकही खातं बुडीत नाही.

ताई म्हणाली, बेलाची पानं लिंगावर पडली म्हणून त्याची बुद्धी पालटली. असेल. मला आपलं वाटतं, त्याला रात्र मिळाली. सगळ्या पुराणांतल्या धनुर्धरांपैकी हा एकटाच असा, की ज्याने बाण सुटायच्या आधी समोरच्याला दोन वाक्यं बोलू दिली. दशरथाने नुसतं 'कोण आहे रे?' म्हणून हाक मारली असती तरी भागलं असतं. मीही साहेबांकडे जायच्या आधी त्या मुलाला विचारू शकलो असतो, "दुपारी ड्रॉवर कुठला उघडला होतास रे?" दहा पावलांवर तर होता.

त्याच आठवड्यात एका रात्री माझी मुलगी गच्चीवर घेऊन गेली. शाळेत नक्षत्रं शिकवताहेत. विठ्ठलवाडीच्या आकाशात धूर आणि दिवे सोडून जेवढं दिसतं तेवढ्यात मृग मात्र ठळक दिसतो. चार कोपऱ्यांचे चार पाय, मधोमध ओळीने तीन तारे, तो बाण, आणि त्याच रेषेत खाली लखलखणारा व्याध. मी तिला शिवरात्रीची गोष्ट सांगितली. सगळे उद्धरून आकाशात गेले, ते हेच. तिने जरा वेळ वर पाहिलं आणि म्हणाली, "पण बाबा, बाण तर लागलेलाच आहे. मग सोडलं कुठे त्याने?"

मी म्हटलं, "ती वेगळी गोष्ट आहे." आकाशातली गोष्ट खरंच वेगळी आहे, जुनी आहे, तिथे हरणाच्या रूपातल्या प्रजापतीवर रुद्र बाण सोडतो. पण मुलीने जे पाहिलं ते बरोबर होतं. पोथीत काहीही असो, वर तो बाण दर हिवाळ्यात जिथल्या तिथे दिसतो.

शिवरात्रीच्या आदल्या दिवशी भाच्याचा फोन आला. नेहमीसारखा आवाज नव्हता. म्हणाला, "मामा, यंदा परवाना काढायचा की नाही ठरत नाहीये. मी अजून त्या ओढ्यापाशी जातो कधी कधी. वाटतं, निदान हाडं तरी दिसतील." मग म्हणाला, "तू त्या दिवशी 'कुणाचा' म्हणालास. रेंज गेली नव्हती, ना?"

या वेळी मला रेंजवर ढकलता आलं नाही. मी त्याला २००६ सालची गोष्ट सांगितली. बायकोलासुद्धा मी ती पुरती सांगितलेली नव्हती. तो बराच वेळ गप्प राहिला आणि त्याने एकच विचारलं, "मग तू त्याला शोधलंस का?"

शोधायचं कशाला? तो मुलगा आता चाळिशीचा आहे. स्टेशनच्या पलीकडच्या बाजूला त्याचं झेरॉक्स आणि लॅमिनेशनचं दुकान आहे. दहा-बारा वर्षं झाली असतील. सुरुवातीला एकदा रस्त्यात समोर आला तेव्हा त्यानेच विचारलं, "काय साहेब, बरंय ना?" त्याला माझं ते वाक्य कधी कळलं की नाही, मला ठाऊक नाही. मी "हो हो, गाडी आली," असं म्हणून सटकलो. गाडी आलेली नव्हती. तेव्हापासून मी स्टेशनला लांबच्या पुलाने जातो आणि दोन रुपयांच्या झेरॉक्ससाठी शेअर रिक्षाने कल्याण पूर्वेला जातो. बायकोला वाटतं, तिकडचं मशीन चांगलं आहे.

भाच्याने त्याचं हरीण दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत शोधलं, आणि अजून शोधतोय. माझं मला रोज दिसतं आणि मी पूल बदलतो.

शिवरात्रीला बँकेला सुट्टी. सकाळी ताईला घेऊन अंबरनाथच्या देवळात गेलो. जवळपास साडेनऊशे वर्षांचं ते देऊळ, शके ९८२ चा शिलालेख असलेलं, त्या दिवशी सगळ्या तालुक्याच्या अंगावर येतं. वालधुनीच्या काठापासून रांग. तीन तास उभं राहून, पायऱ्या उतरून, खालच्या गाभाऱ्यात पिंडीवर बेल वाहायला आपल्या वाट्याला तीन सेकंद येतात. ताईने त्या तीन सेकंदांत लेकाच्या ऑलिंपिकसाठी नवस बोलला, असं तिने बाहेर आल्यावर सांगितलं.

तिला बदलापूरच्या गाडीत बसवून मी परत आलो तो साबुदाणा पोटात घेऊन सरळ घरी जायचं म्हणूनच. पण विठ्ठलवाडीला उतरल्यावर पाय जवळच्या पुलाकडे वळले. खिशात आधार कार्ड होतं, त्याची प्रत कधीतरी लागतेच. पायऱ्या उतरताना मी मनातल्या मनात पहिलं वाक्य जुळवत होतो. 'ओळखलंत का' नको, 'तू' म्हणावं की 'तुम्ही', ड्रॉवरचं आधी सांगावं की आजींच्या नोटांचं. साहेबांपुढे बोललेलं ते वाक्य किती झटकन जमलं होतं!

दुकान बंद होतं. शटरवर कागद चिकटवला होता, मोठ्या सुबक अक्षरात, लॅमिनेशन केलेला, म्हणजे दरवर्षी हाच लावत असणार : 'अंबरनाथला दर्शनाला गेलो आहे. संध्याकाळी सातला नक्की येतो.'

घड्याळात सव्वासहा झाले होते. समोरच्या टपरीवाल्याला मी चहा सांगितला. तो म्हणाला, "येईल हो तो. बोलला की येतो." मी बाकड्यावर जरा सरकून बसलो, पुलाच्या पायऱ्या नीट दिसतील असा.